मोसंबी, हाफ

पुण्यातली तळजाई असो की वेताळ टेकडी, सकाळी सातच्या सुमाराला उतरणाऱ्यांत दोन पंथ दिसतात. एक पंथ पायथ्याच्या गाडीवर थांबतो आणि गाजर-बीट-आवळ्याचा नाहीतर दुधीचा रस पोटात गेल्याशिवाय घरची वाट धरत नाही. दुसरा पंथ मोबाइलवर कुठल्याशा डॉक्टरांचा व्हिडिओ उघडून सांगतो, ज्यूस म्हणजे निव्वळ साखर, त्यापेक्षा कोल्ड्रिंक प्या, निदान स्वतःला फसवणार तरी नाही. दिवसभर हाच सामना सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालू राहतो. पहिल्यांचं ब्रह्मास्त्र ‘नैसर्गिक’ हा शब्द, दुसऱ्यांचं ‘साखर’ हा. ग्लासात फळं किती गेली, ती किती वेळात पोटात उतरली आणि कशाच्या ऐवजी उतरली, हे कुणी विचारत नाही. खरा वाद तर या तीन प्रश्नांचाच आहे.

आपली बाजू आधी सांगून टाकलेली बरी. रोजच्या आहारात रसाची जागा फळांच्या पंगतीत नाही, गोडाच्या पंगतीत आहे. श्रीखंड आणि जिलबीच्या शेजारी. तिथे त्याने मानाने बसावं, पण मापात. स्मूदीची गोष्ट थोडी वेगळी. ती जेवणाच्या जागी घेतली तर चालेल, जेवणाच्या जोडीला घेतली तर ते दिवसाचं एक जास्तीचं जेवण झालं. आणि फळ दातांनी खायचं. ही शेवटची गोष्ट इतकी साधी आहे की तिची कुणी जाहिरात करत नाही, कारण चावण्यातून कुणालाच काही विकता येत नाही.

आता ‘नैसर्गिक साखर’. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात मर्यादा घातली आहे ती ‘मुक्त साखरे’वर; आणि या मुक्त साखरेच्या यादीत वरून घातलेली साखर, मध आणि पाक यांच्याच ओळीत फळांचा रस बसवला आहे. फळात असलेली साखर मात्र यादीत नाही, दुधातलीही नाही. रेणू तेच, मग वागणूक वेगळी का? कारण फळात ती साखर पेशींच्या भिंतींआड असते. भिंत फोडायला दात लागतात, वेळ लागतो, आणि फुटलेल्या भिंतीचा चोथाही पोटात जाऊन जागा अडवतो. यंत्राने भिंती आधीच पाडून मलबा बादलीत टाकला की उरतं ते साखरेचं, आम्लाचं आणि काही जीवनसत्त्वांचं पाणी. झाडावरून आलं म्हणून त्याला सूट मिळायची, तर ऊसही झाडोऱ्यातलाच आहे की!

काउंटरवर काय होतं ते नीट पाहा. एक ग्लास भरायला तीन ते चार मोसंबी आडव्या कापून दाबल्या जातात. २५० मिलिलिटर रसात साधारण २० ग्रॅम साखर येते, म्हणजे चार-पाच चमचे. संत्र्याचंही तसंच. सफरचंदाचा रस १०० मिलिलिटरला १० ग्रॅमच्या घरात, द्राक्षाचा १४ ग्रॅमच्या आसपास. तुलनेसाठी सांगायचं तर कोलामध्ये १०० मिलिलिटरला साडेदहा ग्रॅम असते. हे सगळं दुकानदाराने स्टीलच्या भांड्यातला साखरेचा पाक ओतण्याच्या आधीचं. तो ओततोच, हंगामाच्या सुरुवातीची मोसंबी आंबट असते आणि गिऱ्हाइकाला चव रोज तीच हवी असते. ‘पाक नको, बर्फ नको’ हे मोसंबी कापायच्या आधी सांगायचं असतं, ग्लास हातात आल्यावर नाही. एक अख्खं संत्रं खाल्लं तर १२ ग्रॅमच्या आसपास साखर आणि ३ ग्रॅम तंतू (फायबर) मिळतात. तीन संत्र्यांच्या रसात तंतू जेमतेम अर्धा ग्रॅम, बाकीचे काउंटरखालच्या बादलीत. दोन हजार उष्मांकांच्या आहारात मुक्त साखरेची मर्यादा ५० ग्रॅम, आणि जमलं तर २५ ग्रॅम. एका ग्लासात या दुसऱ्या मर्यादेचा बहुतेक कोटा संपला. पुण्यात बिनसाखरेचा चहा पिणारे शिस्तीचे लोक कमी नाहीत. दोन कपांतले चार चमचे वाचवून तेच चमचे एका ग्लासातून परत घेणारेही कमी नाहीत.

पण केवळ साखरेचा हिशोब मांडला तर हा लेखही दुसऱ्या पंथाचाच व्हायचा. मुद्दा वेगाचा आहे. १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिस्टलच्या संशोधकांचा एक छोटा प्रयोग छापून आला. दहा माणसं, त्यांना सारख्याच कर्बोदकाचं सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, कुस्करून आणि रस करून. रस अख्ख्या सफरचंदापेक्षा अकरापट वेगाने संपला आणि कुस्करलेल्यापेक्षा चौपट वेगाने. आता यातली गंमत पाहा, जी दोन्ही पंथ सांगत नाहीत. रक्तातली साखर तिन्ही वेळा जवळपास सारखीच चढली. फरक पडला तो पुढे: रसानंतर इन्सुलिन जास्त उसळलं, आणि मग साखर मूळ पातळीच्याही खाली घसरली. कुस्करलेल्या फळानंतर ही घसरण कमी, अख्ख्यानंतर नाही. पोट भरल्याची जाणीवही याच क्रमाने. रसाने सर्वांत कमी. रस पिऊन तासाभराने वडापावच्या गाडीकडे पाय का वळतात, त्याचं एक उत्तर इथे असू शकतं.

चोथा परत घातला तर? हा प्रश्न रास्त आहे. २००९ साली पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी तेही करून पाहिलं. जेवणाआधी सफरचंद, सफरचंदाची प्युरी, साधा रस आणि तंतू मिसळलेला रस असं वेगवेगळ्या दिवशी दिलं. सफरचंद खाऊन जेवायला बसलेल्यांनी जेवणातले उष्मांक १५ टक्क्यांनी कमी घेतले, तेही सफरचंदाचे उष्मांक धरून. रसात तंतू घालून मात्र काहीही साधलं नाही. तेव्हा रसात चमचाभर इसबगोल ढवळून त्याचं फळ होत नाही. चावण्याला वेळ लागतो आणि पोटाला निरोप पोचायलाही वेळ लागतो. या दोन वेळा जुळल्या तरच माणूस थांबतो.

वेगाचा सर्वांत बिनतोड पुरावा दवाखान्यात मिळतो. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर ७० च्या खाली गेली, हातपाय थरथरायला लागले, पण शुद्ध आहे, तर काय द्यायचं? १५ ग्रॅम झटपट साखर: तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून, नाहीतर १२० ते १५० मिलिलिटर फळांचा रस. पंधरा मिनिटांनी तपासायचं, चढली नसेल तर पुन्हा तेवढंच. पेरू खा असं त्या वेळी कुणी सांगत नाही. ज्या पदार्थाची औषध म्हणून ख्याती ‘रक्तातली साखर मिनिटांत चढवतो’ अशी आहे, तोच पदार्थ सकाळी उपाशीपोटी, दुप्पट मापात, ‘शुगर कंट्रोल’साठी घेणं याला काय म्हणावं?

आता समोरच्या बाजूचे खरे मुद्दे. पहिला: रस म्हणजे कोला नव्हे. मान्य, पूर्ण मान्य. रसात क जीवनसत्त्व असतं, पोटॅशियम असतं, फोलेट असतं, रंगद्रव्यं असतात. कोलात यातलं काही नसतं. रोज कोला पिणारा माणूस रसाकडे वळला तर त्याचा फायदाच आहे. पण टेकडी उतरून रसाच्या गाडीवर येणारा माणूस कोला सोडून आलेला नसतो. तो एरवी पाणी प्यायला असता, किंवा घरी जाऊन ताक. तुलना त्याच्याशी करायला हवी.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. शंभर टक्के फळांचा रस देऊन झालेल्या नियंत्रित चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर उपाशीपोटीच्या साखरेवर वा इन्सुलिनवर लक्षणीय परिणाम दिसत नाही. रसाचे समर्थक हे सांगतात ते खरं आहे, आणि ‘रस म्हणजे विष’ म्हणणाऱ्यांनी ते लपवू नये. फक्त त्या चाचण्या मुख्यतः काही आठवड्यांच्या, आणि मोजलं ते उपाशीपोटी. पहाटे पाचला फर्ग्युसन रस्त्यावरून फेरी मारून ‘पुण्यात वाहतूक कुठे आहे?’ असं विचारण्यासारखं हे आहे. लांब पल्ल्याचं चित्र निरीक्षणातून मिळतं. २०१३ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या सुमारे १ लाख ८७ हजार परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदी तपासून निघालेला निष्कर्ष असा: आठवड्यातून तीनदा रसाऐवजी अख्खं फळ खाल्लं तर मधुमेहाचा धोका ७ टक्क्यांनी कमी दिसतो. निरीक्षणातून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरं. ७ टक्के हा काही डोंगरही नाही. पण दोन्ही पुराव्यांचा कल एकमेकांविरुद्ध आहे असं मानायचं कारण नाही. थोडा रस निरुपद्रवी आणि रोजचा मोठा ग्लास तोट्याचा, हे एकाच वेळी खरं असू शकतं.

तिसरा आक्षेप पुणेकर हमखास घेतात: हे सगळे गोऱ्यांचे आकडे, आपली शरीरं वेगळी. वेगळी आहेतच, आणि हे जगाला ठळकपणे सांगितलं ते पुण्यानेच. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, ही आपली ठेवण. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या माता-बालक अभ्यासात ती नवजात बाळांतही दिसली. तेव्हा शरीर वेगळं असण्याचा मुद्दा रसाच्या बाजूने जात नाही, उलट फिरतो. ‘मी कुठे जाड आहे?’ या प्रश्नाला पुण्यात फारसा अर्थ नाही.

चौथा मुद्दा मात्र हृदयाला भिडणारा आहे, आणि त्याच्यासमोर हटवादीपणा करू नये. आजारी माणूस, दात नसलेले आजोबा, केमोथेरपीने तोंड आलेली बाई, भूक मेलेला क्षयरोगी: यांना रस म्हणजे आधार असतो. ससूनमध्ये किंवा कुठल्याही रुग्णालयात भेटायला जाताना मोसंब्या आणि शहाळं नेण्याची आपली रीत उगाच पडलेली नाही. जो चावू शकत नाही त्याच्यासाठी न चावता उष्मांक पोटात घालण्याचा तो मार्ग आहे. (मूत्रपिंडाच्या रुग्णाला मात्र शहाळं आणि रस डॉक्टरांना विचारूनच, पोटॅशियम तिथे जीवावर बेततं.) घोटाळा पुढे झाला. आजाऱ्याचा पेला धडधाकट माणसाने उचलला. ज्याला न चावता जास्त उष्मांक हवेत त्याच्यासाठी जे उत्तम, तेच वजन कमी करायला निघालेल्याला उत्तम कसं असेल?

या घोटाळ्याला इतिहास आहे. १७४७ साली जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने ‘सॅलिसबरी’ जहाजावर स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) झालेल्या बारा खलाशांवर सहा उपाय करून पाहिले. दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू दिलं, ती फळं त्यांनी खाल्ली, आणि सर्वांआधी तेच उभे राहिले. फळ जहाजावर टिकत नाही म्हणून लिंडनेच मग रस आटवून त्याचा घट्ट अर्क करायची युक्ती सुचवली. आटवताना क जीवनसत्त्व गेलं आणि तो अर्क फसला. १७९५ पासून ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस रीतसर मिळू लागला. माप किती? दिवसाला पाऊण औंस, म्हणजे साधारण २० मिलिलिटर. पुढे भूमध्य समुद्रालगतच्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजचं लहान लिंबू आलं. त्यात क जीवनसत्त्व आधीच कमी, वर साठवणीत आणि तांब्याच्या नळ्यांतून जाताना आणखी घटलेलं. परिणाम असा की १८७५ साली उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या नेअर्स यांच्या मोहिमेत रस असूनही स्कर्व्ही झाला. फळाचं नाव लेबलवर राहिलं आणि फळातलं जे हवं होतं ते वाटेत गेलं. आजच्या खोक्यांवरची ‘अर्कापासून पुन्हा तयार केलेला’ ही बारीक अक्षरं वाचताना लिंडचा तो आटवलेला रस आठवावा.

आयुर्वेदाचा दाखला देणाऱ्यांनी तर माप आवर्जून पाहावं. ‘आपल्याकडे स्वरस पूर्वापार आहे’ असं गाडीवरचा फलक सांगतो. आहेच. पण शार्ङ्गधर संहितेत स्वरस पचायला जड म्हणून त्याची मात्रा अर्धा पल सांगितली आहे. दोन तोळे, म्हणजे २४ ग्रॅमच्या आसपास. एकीकडे ब्रिटिश नौदल, दुसरीकडे आपले वैद्य, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, आणि दोघांचं माप दोन-अडीच तोळ्यांच्या आतलं. तीनशे मिलिलिटरचा ग्लास कुठून आला मग?

त्याचं निदान एक मूळ बाजारात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात संत्र्यांचं पीक इतकं वाढलं की भाव पडले. १९१६ च्या सुमाराला तिथल्या बागायतदारांच्या सनकिस्ट संघाने ‘संत्रं प्या’ अशी जाहिरात मोहीम काढली आणि सोबत घरगुती रसयंत्रंही खपवली. हिशोब सरळ होता: खाणारा एका वेळी एक संत्रं खातो, पिणारा दोन-तीन संपवतो. सकाळच्या टेबलावरचा तो पेला पडलेल्या भावावरचा तोडगा होता. आरोग्याचं कोंदण त्याला जाहिरातीने बसवलं.

यावर आपल्या शेतकऱ्याचं काय, हा प्रश्न येतोच, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. जालन्याची मोसंबी, सोलापूरचं डाळिंब, पुरंदरचं अंजीर आणि सीताफळ मार्केट यार्डात ढिगाने उतरतं तेव्हा प्रक्रिया नसेल तर ते उकिरड्यावर जातं. डागाळलेल्या, बारीक फळाला रसाखेरीज गिऱ्हाईक नसतं. मान्य. पण खोक्यातल्या पेयाने फळबागायतदार किती तरतो, ते खोक्यावरच वाचा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार ‘फ्रूट ड्रिंक’ म्हणवून घ्यायला फळाचा अंश १० टक्के पुरतो, लिंबाचं असेल तर ५ टक्के. उरलेलं मुख्यतः पाणी आणि साखर. जून २०२४ मध्ये प्राधिकरणाला कंपन्यांना आदेश द्यावा लागला की अर्कात पाणी घालून बनवलेल्या रसावर ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाका. आणि करांचं पाहा: २२ सप्टेंबर २०२५ पासून फळांच्या रसाच्या बिनफेसाच्या पेयांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, साखर घातलेल्या फेसाळ पेयांवर ४० टक्के बसला. फेस नाही आणि नावात फळ आहे, एवढ्या भांडवलावर ३५ टक्क्यांची सूट! कर साखरेच्या ग्रॅमवर लावला असता, किंवा सवलत फळाच्या अंशाशी बांधली असती, तर बागायतदाराचा माल जास्त गेला असता आणि पोरांच्या पोटात साखर कमी गेली असती. दोन पंथांनी मिळून भांडायचंच असेल तर इथे भांडावं.

पोरांचा विषय निघालाच आहे तर: सहाव्या महिन्यात बाळाला मोसंबीचा रस चाटवण्याची आपल्या घराघरांतली प्रथा आता सोडायला हवी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलं, वर्षाच्या आत रस नकोच. तीन वर्षांपर्यंत दिवसाला १२० मिलिलिटरपेक्षा जास्त नको. त्यापेक्षा मऊ केळं कुस्करा, चिकू कुस्करा. सफरचंदाच्या रसात सॉर्बिटॉल असतं, त्याने लहानग्यांना जुलाब होतात. आणि बाटलीतून घोट घोट रस पीत झोपणाऱ्या मुलाचे पुढचे दात काय होतात ते कुठल्याही दंतवैद्याला विचारा.

स्मूदीवर मात्र सरसकट रागावणं अन्यायाचं होईल. मिक्सर चोथा फेकत नाही, बारीक करतो. रासबेरी, ब्लॅकबेरी यांसारखी बियांची फळं घुसळून दिली तेव्हा रक्तातली साखर अख्ख्या फळापेक्षा कमी चढली, असं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय. बहुधा बिया फुटून आतले तंतू आणि स्निग्ध अंश मोकळे होतात म्हणून. तेव्हा ‘मिक्सरने फायबर मरतं’ हे विधान चूक आहे. पण ब्रिस्टलचं ते कुस्करलेलं सफरचंद विसरू नका. वेग वाढतोच.

आणि स्मूदी आपल्याला नवी थोडीच आहे? शिकरण म्हणजे काय, आमरस म्हणजे काय? फरक भांड्याचा आहे. शिकरणात केळ्याचे काप असतात, वाटीत असतं, पोळीशी खातात. घास चावावा लागतो. आमरसाला सोबत पोळी असते, वर तुपाची धार, आणि तो जेवणाच्या आत असतो, जेवणानंतर नाही. (आग्रहाच्या तिसऱ्या वाटीबद्दल इथे मौन बरं.) तेच केळं, तेच दूध, चार खजूर, दोन चमचे मध आणि आंब्याच्या फोडी घालून उंच ग्लासात स्ट्रॉ लावला की पाच मिनिटांत सहज चारशे उष्मांक पोटात जातात आणि अर्ध्या तासाने माणूस पोह्यांची चौकशी करतो. यापेक्षा मस्तानी प्रामाणिक. वर आइस्क्रीमचा गोळा ठेवून ती कधी आरोग्याच्या गप्पा मारत नाही.

नाश्त्याऐवजी घ्यायचीच असेल तर एका माणसाचं प्रमाण असं धरा: दीडशे मिलिलिटर बिनसाखरेचं घट्ट दही, अर्धं केळं, एक मध्यम पेरू किंवा आठ-दहा स्ट्रॉबेरी, चमचाभर भाजलेल्या जवसाची ताजी पूड, मूठभर भाजलेले शेंगदाणे. पेरूच्या बिया दाताखाली येत असतील तर गर गाळू नका, पेरूच बाजूला चावून खा. मध नाही, खजूर नाही, रसाचा पाया तर अजिबात नाही. स्मूदी पातळ करायला संत्र्याचा रस ओतणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. थांबून थांबून अर्धा मिनिट फिरवा, दाणे जरा भरड राहू द्या, आणि वाटीत काढून चमच्याने खा. पपई किंवा अननस दूध-दह्यात घालून ठेवलं की तासाभरात कडू होतं. त्यातली विकरं (एन्झाइम) दुधाची प्रथिनं तोडतात. घालायचंच तर खायच्या क्षणी. बेरीवर्गीय फळातल्या फ्लॅव्हॅनॉलसाठी (हृदयाला हितकर मानलं जाणारं वनस्पतिजन्य द्रव्य) खटपट करणार असाल तर केळं वगळा: केळ्यातलं जे विकर कापलेल्या फोडी काळ्या करतं तेच फ्लॅव्हॅनॉलही खलास करतं, हे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात दिसलं. रोज मूठ-मूठ कच्चा पालक घुसळणाऱ्यांनी पालकातल्या ऑक्झलेटचा, म्हणजे मूतखड्याला कारण होणाऱ्या द्रव्याचा, विचार करावा. अशा हिरव्या पेयांनी मूत्रपिंड बिघडल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. आपली पालकाची भाजी शिजवून, दाणे आणि डाळ घालून होते, त्यात शहाणपण आहे.

भाज्यांच्या रसांबद्दल दोनच गोष्टी. बीट-डाळिंबाने ‘रक्त वाढतं’ हा रंगावरून झालेला समज आहे. १०० ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नाही, आणि प्रौढ स्त्रीची रोजची गरज आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २९ मिलिग्रॅम धरली आहे. दुसरी गोष्ट जीवावरची. दुधीचा रस काढण्याआधी कच्ची चकती जिभेवर ठेवून पाहा. कडू लागली तर दुधी फेका. त्यात आवळा, मध, पुदिना घालून कडूपणा मारू नका, कारण तो कडूपणा म्हणजेच कुकरबिटासिन हे विष. त्याने उलट्या, रक्तस्राव, रक्तदाब कोसळणं आणि मृत्यूही झाले आहेत. आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने याबद्दल लेखी इशारा दिलेला आहे. प्यायल्यावर पोटात कळ आली तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय.

‘कोल्ड प्रेस’च्या बाटल्या घरपोच मागवणाऱ्यांना एवढंच सांगायचं की यंत्र हळू फिरलं म्हणून साखर कमी होत नाही आणि चोथाही बाटलीत येत नाही. उलट हा रस कच्चा. तो सतत थंड राहिला पाहिजे. डिलिव्हरीच्या पिशवीत दुपारचा तासभर भटकून आलेली बाटली परत फ्रीजमध्ये ठेवून तिसऱ्या दिवशी पिणं म्हणजे पैसे देऊन जोखीम घेणं. दूषित पाण्याचं मोल पुण्याने जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गिलाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराच्या रुग्णांच्या रूपात मोजलं आहे. बर्फही पाणीच असतो. खाण्याचा नसलेला बर्फ निळा करण्याचा नियम राज्याने २०१८ मध्ये केला तो याचसाठी.

राहता राहिला उन्हाळा. एप्रिलच्या दुपारी लक्ष्मी रस्त्यावरून आलेल्या माणसाला ‘पेरू चावा’ म्हणून सांगणं क्रूरपणा आहे. त्यासाठी ताक आहे, कमी गुळाचं पन्हं आहे, कोकम आहे, लिंबू-मिठाचं पाणी आहे. आणि घुंगरांच्या तालावर चालणारा रसवंतीचा चरकही आहे. उसाच्या रसात १०० मिलिलिटरला १३ ते १५ ग्रॅम साखर, म्हणजे मोसंबीपेक्षा जास्तच. तरीही पुरंदर तालुक्यातून शहरात आलेल्या कानिफनाथ आणि नवनाथांच्या या रसवंत्यांनी एक शहाणपण जपलंय, जे चकचकीत ज्यूस सेंटरांना अजून सुचलेलं नाही: तिथे विचारतात, ‘हाफ की फुल?’ रस गोड आहे, गोड म्हणूनच प्यायला आलोय, आणि अर्ध्यावर भागतं, हे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही माहीत असतं. ब्रिटनमध्ये रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटर, त्यापुढचं फळांच्या खात्यात धरायचं नाही, असा सरकारी सल्ला आहे. हाफ ग्लास साधारण तेवढाच भरतो. ज्यूस सेंटरच्या फलकावर मोसंबीसमोर एकच भाव लिहिलेला असतो. त्याच्याखाली आणखी एक ओळ रंगवायला किती खर्च येईल?